रात्री बटण बंद केलं की पीसीचं घड्याळ मागे, बँकेची साइट उघडेना. मदरबोर्ड गेलाय का?

सातपूर_जॉबवर्क

ऑफिसचा असेंबल्ड पीसी आहे. चौथ्या पिढीचा आय-३, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०. नंतर बसवलेली २४० जीबीची एसएसडी, तिच्यावर विंडोज. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क तशीच आत आहे, फक्त डेटासाठी. सातपूर एमआयडीसीत शेड आहे, रोज संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करूनच निघतो.

महिन्याभरापासून हे चाललंय:

रोज सकाळी घड्याळ मागे असतं. काल संध्याकाळी सातला बंद केला असेल तर आज नऊला सुरू केल्यावर सातच वाजलेले दाखवतं.

शनिवारची सुट्टी झाली की रविवारी काळ्या स्क्रीनवर 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, प्रेस एफ१ टू रन सेटअप' येतं. तारीख १ जानेवारी २०१४. एफ१ दाबून पुढे गेलं तर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. सेटअपमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पानांत, जाऊन डिस्कच्या क्रमात एसएसडी वर आणली की विंडोज येतं.

तारीख २०१४ असली की बँक, जीएसटी पोर्टल, मेल काहीच उघडत नाही. 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' किंवा 'युअर क्लॉक इज बिहाइंड'. विंडोजमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं तर फेल.

दुरुस्तीवाला म्हणतो बोर्ड डिस्क ओळखत नाही, म्हणजे बोर्ड गेला, सोबत विंडोजही नवीन टाकावं लागेल. खरंच गेलाय का?

---

नांदूर_नाका

साइटवर 'ॲडव्हान्स्ड' दाबायचं, खाली 'प्रोसीड' येतं, त्यावर क्लिक करायचं. उघडते साइट. एवढं काय त्यात.

---

मिसळ_मदरबोर्ड

नांदूर भाऊ, बँकेच्या साइटवर हे सांगू नका कुणाला. तो इशारा घड्याळामुळे आलाय की मध्ये कुणी खोटी साइट उभी केलीय, हे त्या पानावर कळत नाही. शिवाय बऱ्याच बँका आणि मेलच्या साइटींवर 'प्रोसीड'चा पर्यायच येत नाही. साइटनेच ब्राउझरला आधी बजावून ठेवलेलं असतं की सुरक्षित जोडणी नसेल तर उघडूच नकोस.

सातपूरवाले, बोर्ड शाबूत आहे. बोर्डावरचा गोल सेल संपलाय. सीआर२०३२, मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त.

घड्याळाच्या तक्रारीत पहिला प्रश्न एकच विचारायचा: नेमकं किती चुकलंय? रोग तिथेच कळतो.

बंद होतं तेवढाच वेळ मागे पडत असेल (तुमचं सात ते नऊ) तर सेलचा दाब (व्होल्टेज) इतका उतरलाय की घड्याळाला ठोके देणारा क्रिस्टल कंप पावत नाही, पण बोर्डाच्या सेटिंगची मेमरी (सीमॉस) कशीबशी जिवंत आहे. घड्याळ जिथे थांबलं तिथूनच सकाळी पुन्हा चालू होतं. पुढची पायरी म्हणजे मेमरीही पुसली जाते आणि तारीख बोर्डाच्या कारखान्यातल्या मूळ तारखेवर जाते. तुमची १ जानेवारी २०१४ ती हीच. एका रात्रीला पहिली पायरी, दीड दिवसाला दुसरी. सेल शेवटच्या घटका मोजतोय.

बरोब्बर साडेपाच तास चुकत असेल तर सेलचा संबंध नाही. एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की असं होतं. विंडोज बोर्डाच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ लिहितं, आणि दोघं एकमेकांची वेळ बिघडवत बसतात.

साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असेल तर टाइम झोन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा राहिलाय. नवीन विंडोज टाकल्यावर हमखास. दोन आकडे यासाठी की ते लोक उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात.

दिवसाला एक-दोन सेकंद चुकत असेल तर काहीच करू नका. क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यात दहा लाखाला वीस इतका फरक स्वस्त क्रिस्टलमध्ये चालतोच. दिवसाला पावणेदोन सेकंद झाले. इंटरनेटवरून ते आपोआप सरळ होतं.

आता 'बोर्ड डिस्क ओळखत नाही' याबद्दल. मेमरी पुसली की बूटचा क्रम, म्हणजे कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं तेही पुसलं जातं. बोर्ड पहिल्या पोर्टवरची डिस्क आधी धरतो. तुमच्याकडे तिथे जुनी ५०० जीबीची असणार, तिच्यावर विंडोज नाही, म्हणून तो मेसेज. यात एक खोच आहे: या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर बूटच्या मुख्य यादीत एकच हार्ड डिस्क दिसते. दुसरी दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो. खाली 'हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज' नावाचा वेगळा कप्पा असतो, दोन डिस्कमधला क्रम तिथे बदलायचा.

कायमचा इलाज हवा असेल तर सेल बदलताना पेटी उघडी असेलच, दोन्ही डिस्कच्या साटा केबल बोर्डाकडच्या टोकाला अदलाबदल करा. एसएसडी सर्वांत लहान आकड्याच्या पोर्टवर घ्या, सहसा साटा-० किंवा साटा-१ असं छापलेलं असतं. मग पुढे कधी डिफॉल्ट लोड झालं तरी विंडोज बहुतेक सरळ येईल.

---

सातपूर_जॉबवर्क

सेल बदलून बघतो. पण हा पीसी दहा वर्षं चालला, त्यातला पहिला सेल सहा-सात वर्षं टिकला. दुसरा तीन वर्षांत कसा गेला?

---

मिसळ_मदरबोर्ड

भिंतीवरचं बटण.

पीसी शटडाऊन केला तरी बटण चालू असेल तोवर एसएमपीएस (पीसीतला वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. सेलला काम नसतं. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपतास. घड्याळ आणि मेमरी मिळून ५-६ मायक्रोअँप खातात असं धरलं तर अखंड भारावर चारेक वर्षं निघतात. तुमचा दिवसातले चौदा तास आणि सुट्टीचा अख्खा दिवस सेलवर जातो. हिशोबाने सहाएक वर्षं यायला हवीत. तीनच आली म्हणजे सेल दुकानातच जुना झालेला असणार, किंवा बोर्डावर धूळ आणि ओल बसून थोडा करंट वाहून जातोय. शेडमध्ये लेथ किंवा ग्राइंडर असेल तर लोखंडाची भुकटीही असते, सेलच्या खोबणीभोवती ब्रशने झाडून घ्या.

बटण बंद करणं सोडा असं मात्र सांगणार नाही. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा बंद असलेलंच बरं. सेल स्वस्त आहे, एसएमपीएस नाही.

---

एमजी_रोड_काउंटर

सेल घेताना काय बघायचं ते लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

आकड्यातच माप असतं. २०३२ म्हणजे २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. २०२५ हा २.५ मिमी जाड. तोही ३ व्होल्टचा, खोबणीत बसतो, पण सैल राहतो. 'हाच आहे, चालेल' म्हणून दिला तर घेऊ नका. धक्का लागला की संपर्क सुटतो आणि पुन्हा तीच तक्रार.

एलआयआर२०३२ दिसायला तसाच असतो, पण तो चार्ज होणारा. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. बोर्डात लावायचा नाही.

सुटे सेल डब्यात एकावर एक पडलेले असतील तर ते एकमेकांत शॉर्ट होऊन अर्धे उतरलेले असतात. पाकिटबंदच घ्या, मागची मुदत वाचा. मीटर घेऊन गेलात तर उत्तम: डीसी २० व्होल्टच्या रेंजवर नवीन सेल ३.० ते ३.३ दाखवतो. २.९ असेल तर परत ठेवा.

काही कंपन्या हल्ली सेलवर कडू लेप देतात, लहान मुलांनी तोंडात घातला तर थुंकावा म्हणून. हेतू चांगला, पण काही उपकरणांत त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही. नवा सेल मीटरवर ठीक आणि बोर्डावर मात्र मेलेला, असं झालं तर सपाट बाजू स्वच्छ कोरड्या कापडाने घासून बघा, नाहीतर बिनलेपाचा आणा.

---

मिसळ_मदरबोर्ड

बदलायची रीत:

आधी पीसी सुरू होतानाच डिलीट किंवा एफ२ दाबून सेटअपमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. तीन गोष्टी फोटोत यायलाच हव्यात. साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो, एएचसीआय की आयडीई. बूट मोड, म्हणजे सुरू होण्याची पद्धत जुनी (लेगसी/सीएसएम) की नवी (यूईएफआय). आणि बूटचा क्रम. नंतर साटा मोड बदललेला राहिला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबेल आणि लोक फॉरमॅट मारून मोकळे होतात. सेटअपमध्ये परत फोटोतला मोड केला की ते जातं. तसंच विंडोज लेगसीत टाकलेलं असेल आणि सीएसएम बंद झालं तर डिस्क दिसूनही बूट होणार नाही.

मग शटडाऊन, भिंतीवरचं बटण बंद, पिन काढा, पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. पेटी उघडल्यावर आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

सेल ग्राफिक कार्डाखाली दडलेला असू शकतो. खोबणीच्या एका बाजूला धातूची बारीक जीभ असते, ती बाहेरच्या अंगाला ढकलली की सेल स्वतःच उडी मारतो. समोरच्या बाजूने स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. खोबणी तुटली किंवा स्क्रू ड्रायव्हर घसरून बोर्डावरची रेघ कापली गेली तर मग दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं होईल.

जुना काढल्यावर मीटर लावा. २.७ च्या खाली असेल तर निदान पक्कं. नवा बसवताना अधिक चिन्ह आणि अक्षरं वर. सेल कडेने धरा, सपाट बाजूंना घामट बोटं लावू नका.

सुरू करून सेटअपमध्ये तारीख-वेळ घाला, फोटो बघून सेटिंग जुळवा, एफ१० ने सेव्ह.

---

अशोकस्तंभ_अड्डा

पीसी चालू ठेवून सेल बदलला तर सेटिंग जातच नाही. फोटोबिटोची गरज नाही.

---

मिसळ_मदरबोर्ड

होतं, मान्य. स्टँडबायवर मेमरी टिकते. पण सेल हा धातूची चकती आहे, हातातून निसटून चालू बोर्डावर पडला की कुठल्या दोन पिना जोडेल सांगता येत नाही. पाच मिनिटांचं सेटिंग वाचवायला हा जुगार कशाला?

---

कॉलेजरोड_ताळेबंद

तांत्रिक भाग वर आलाच आहे. हिशेबाच्या बाजूने दोन गोष्टी सुटल्यात.

एक, बॅकअप. या महिन्यात २०१४ च्या तारखेवर सेव्ह झालेल्या फायली बॅकअप सॉफ्टवेअरला जुन्या वाटतात. 'फक्त नव्या फायली कॉपी करा' असं सेटिंग असेल तर ते सॉफ्टवेअर त्यांना वगळतं, पेन ड्राइव्हवर जुनीच प्रत राहते आणि चूक झाल्याचं कुठे दिसतही नाही. घड्याळ सरळ झाल्यावर कामाचे फोल्डर उघडा, 'डेट मॉडिफाइड'वर क्लिक करून २०१४ च्या फायली गोळा करा, प्रत्येक उघडून पुन्हा सेव्ह करा. मग बॅकअप हाताने एकदा पूर्ण घ्या.

दोन, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, म्हणजे सहीचं प्रमाणपत्र असलेला यूएसबी. त्याच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. पीसी २०१४ सांगत असेल तर प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ठरतं आणि सही होत नाही. लोक टोकनचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. उलट एक दिवस मागे असताना सही होऊन गेली असेल तर त्या पीडीएफवर चुकीची तारीख बसलेली असू शकते. या महिन्यातल्या सह्या उघडून बघून घ्या.

साइटींचंही हेच. त्यांच्या प्रमाणपत्रांची (साइट खरी असल्याचा दाखला) कमाल मुदत १ सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांवर आली, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. मुदत जितकी लहान, तितकं थोडं मागे पडलेलं घड्याळही जास्त साइटींवर अडणार. पूर्वी महिनाभर मागे असलेला पीसी निभावून जायचा.

---

सातपूर_जॉबवर्क

जुना सेल मीटरवर २.३१. नवा ३.२२ चा बसवला, केबल अदलाबदल केली. दोन रात्री बटण बंद ठेवलं, घड्याळ बरोबर. एफ१ चा मेसेज गेला, एसएसडी न सांगता बूट होते. २०१४ च्या एकोणीस फायली सापडल्या, सगळ्या पुन्हा सेव्ह केल्या.

'सिंक नाऊ' तेव्हा फेल का होत होतं ते मात्र कळलं नाही. इंटरनेट तर चालू होतं.

---

मिसळ_मदरबोर्ड

विंडोजचं ते पथ्य आहे. घरच्या किंवा कंपनीच्या सर्व्हरला न जोडलेल्या पीसीवर फरक १५ तासांपेक्षा जास्त असला तर टाइम सर्व्हिस वेळ बदलायलाच नकार देते, की सर्व्हरच चुकीची वेळ सांगत असेल तर? दहा वर्षांचा फरक तर ती मानणारच नाही. अशा वेळी आधी तारीख आणि वेळ हाताने जवळपास बरोबर करायची, मग 'सिंक नाऊ'. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम, तिथे 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' बंद करून 'चेंज'. झालं की परत चालू.

तरीही फेल झालं तर सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज टाइम' चालू आहे का बघा. पीसी 'फास्ट' करणारी फुकटची सॉफ्टवेअर ती बंद करून ठेवतात. तीही चालू असेल तर ऑफिसच्या राउटरवर यूडीपी १२३ पोर्ट, म्हणजे वेळ येण्याची वाट, अडवलेला असतो. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून सिंक झालं तर दोष राउटरचा.

---

निफाडचा_गारठा

इथेच लॅपटॉपचं विचारतो. हिवाळ्यात सकाळी सुरू केला की तारीख चुकलेली, दुपारी बंद-चालू केला तर नीट राहते. थंडीने होतं का?

---

एमजी_रोड_काउंटर

मरायला टेकलेला सेल थंडीत आधी मान टाकतो. आतला विरोध वाढतो, दाब थोडा उतरतो, आणि काठावर असलेल्याला तेवढं पुरतं. धडधाकट सेलला निफाडच्या गारठ्याने काही होत नाही. म्हणजे बदलायची वेळ आलीय.

लॅपटॉपमध्ये सेल बहुधा काळ्या किंवा पिवळ्या वेष्टनात, दोन वायरी आणि बारीक कनेक्टरसह येतो. वायरींचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. कनेक्टर बसला म्हणजे लाल वायर बरोबर पिनेवर आली असं नाही, जुन्याशी ताडून बघा. वेष्टनावर एमएल२०३२ लिहिलं असेल तर तो चार्ज होणारा आहे, तिथे सीआर लावू नका, लॅपटॉप त्याला चार्ज करायला जाईल. काही लॅपटॉपमध्ये असा सेलच नसतो, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. ती पूर्ण उतरू दिली की तारीख जाते.

आणि उघडण्याआधी, विंडोज ११ असेल तर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कचं कुलूप) चालू आहे का बघा. सेटिंग पुसलं गेल्यावर लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. बिटलॉकरला 'सस्पेंड' करून मग उघडलं तर आणखी चांगलं.

---

सातपूर_जॉबवर्क

शेवटचं एक. ऑपरेटरचा जुना फोन आहे, अँड्रॉइड ६. तारीख-वेळ अगदी बरोबर, तरी काही साइटींवर तसाच प्रमाणपत्राचा इशारा येतो. फोनमध्येही सेल असतो का?

---

कॉलेजरोड_ताळेबंद

नाही, हा वेगळा आजार. साइटच्या प्रमाणपत्रावर ज्या मूळ संस्थेचा शिक्का असतो तिला फोन ओळखत असावा लागतो, आणि ती ओळख फोनच्या सिस्टिममध्ये भरलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था असंख्य साइटी वापरतात. तिचा सध्याचा मूळ शिक्का अँड्रॉइड ७.१.१ पासून पुढेच आहे. त्याआधीच्या फोनसाठी एका जुन्या शिक्क्यावर काम भागवलं जात होतं, ती सोय २०२४ मध्ये संपली. घड्याळ कितीही सरळ करा, फरक पडणार नाही. फायरफॉक्स शिक्क्यांची स्वतःची यादी बाळगतो, त्यात साइटी उघडायच्या, पण २०२५ पासून त्याची नवी आवृत्तीही इतक्या जुन्या अँड्रॉइडवर चालत नाही. बँकेचं काम मात्र या फोनवर नको. सुरक्षेचे अपडेट बंद होऊन वर्षं झालीत.

ऑथेंटिकेटरचं, म्हणजे लॉगिनचा कोड देणाऱ्या फोनमधल्या ॲपचं, कुणी विचारलं नाही, पण लिहून ठेवते. तो कोड फोनच्या घड्याळावरून दर ३० सेकंदांनी तयार होतो, पीसीच्या नव्हे. गेममध्ये लाइफ मिळवायला पोरांनी फोनची वेळ पुढे केली की कोड चुकतो आणि व्हॉट्सॲपही तारीख चुकल्याची कुरकुर करतं. 'ऑटोमॅटिक डेट अँड टाइम' चालू केलं की दोन्ही मिटतात.

---

नांदूर_नाका

बरं, ते 'प्रोसीड'चं मागे घेतो. जुना सेल फेकून दिला तर चालतो ना?

---

एमजी_रोड_काउंटर

आधी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, नाहीतर डब्यात दुसऱ्या सेलला टेकून तापतो. घंटागाडीत ओल्या-सुक्यात टाकू नका, घातक कचरा म्हणून वेगळा हातात द्या. तोवर पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. २.३ व्होल्टचा 'मेलेला' सेलही गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. असं झालं तर उलटी करवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.